अर्ध्या पत्र्याची सावली

आमच्या शेजारच्या काकूचं तुमाला सांगायलाच पायजे! इथं मानवत गावात कापूस निघाला की कपाशीची वाळकी झाडं, म्हंजी पऱ्हाट्या, लोक जळणाला ठेवतात. काकू त्या घराच्या पत्र्यावर पसरतात आन् वरून पाणी मारतात. तेवढंच घर गार. पण पऱ्हाट्या पुरायच्या अर्ध्याच पत्र्याला. त्या अर्ध्याखाली सासूची बाज, आन् उघड्या पत्र्याखाली काकूची चूल.

सासू जागची हलायची न्हाई, तोंड मात्र लय चालायचं. काकू वर चढल्या की खालून सुरू, "कुठं सांडायलीस गं पाणी? भिजवून मारतीस का मला?"

काकू वरूनच म्हणायच्या, "भिजलात तर वाळाल की आत्याबाई! ऊन का थोडं हाय?"

आमी गल्लीत पोट धरून हसायचो.

ऊन तर दरसाली वाढायलंय. गेल्या उन्हाळ्यात काकू भर दुपारीबी पत्र्यावर चढायच्या. तरी एका दुपारी सासू गेलीच.

यंदा होळी झाली न् काकू परत पत्र्यावर. परत त्याच अर्ध्यावर पऱ्हाट्या! मी खालून ओरडलो, "ओ काकू, आता चुलीकडं टाका की! न्हाईतर बाजेवर तुमीच झोपा."

"तिथं न्हाई रे झोपवत मला," काकू म्हणल्या. "त्या दिवशी लय हाका मारल्या त्यांनी. मी इथंच पाणी मारायलते. मला वाटलं, नेहमीसारख्या भांडायल्यात."

काकू खाली उतरल्या, रिकाम्या बाजेपाशी पाण्याचा भरला तांब्या ठेवला, आन् तापल्या पत्र्याखाली भाकरी थापायला बसल्या.