हाताच्या मापाचा पेन

बँकेतल्या बाईंनी माझा फॉर्म दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला.

"काका, सही जुळत नाही. अंगठा द्या, म्हणजे विषय संपला."

त्या काही वाईट बोलल्या नव्हत्या. माझ्यामागे रांग होती, त्यांना घाई होती. पण माझं डोकं फिरलं.

"मी शिकलेला माणूस हाय," मी म्हणालो. "सव्वीस वर्षं साखर कारखान्यात टर्नर होतो. ड्रॉइंग वाचून जॉब काढलेत. अंगठा न्हाई देणार."

"अहो, पण सही..."

"सही माझीच हाय. हात बदललाय."

मी उजवा हात काउंटरवर ठेवला. त्याला अंगठ्याशेजारची दोन बोटं नाहीत. बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हणूनच म्हणते. सोपं पडेल तुम्हाला."

मी फॉर्म उचलला आणि काम न करताच बाहेर आलो. बायको बाहेर स्कूटरजवळ उभी होती. सगळं ऐकून म्हणाली, "आवं, दिला असता तर काय बिघडलं असतं?"

माझी आई कराडजवळच्या आमच्या खेड्यात जन्मभर अंगठा देत आली. रेशनच्या दुकानात, सोसायटीत, तलाठ्याकडे. दिला की लगेच पदराच्या आतल्या बाजूला पुसायची, आणि डाग राहिलाच तर मूठ मिटून गावातून चालायची. मला आयटीआयला धाडताना तिने एवढंच सांगितलं होतं, "आता आपल्या घरातलं कुणी ह्यो डाग घिऊन फिरायचं न्हाई." ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. पण तिला सांगणार कसं, की सव्वीस वर्षं नोकरी करून तुझा पोरगा पुन्हा तिथंच आला?

बोटं कशी गेली ते सांगून टाकतो, कारण त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर, हातमोजा घालायचा नसतो, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी थंडी होती, लोखंड हाताला चटके देत होतं. पाच मिनिटांचं तर काम, म्हणून घातला. कातायला लावलेल्या फिरत्या जॉबने मोज्याचं टोक धरलं, आणि पुढचं मला दवाखान्यातच कळलं.

परत कामावर गेलो तेव्हा मला हजेरीच्या टेबलावर बसवलं. बसून लिहायचं काम, म्हणजे माझी सोय केली होती सगळ्यांनी. पण बॉलपेन दाबल्याशिवाय चालत नाही, आणि दाबायला माझ्याकडे उरलं होतं काय? अंगठा आणि त्याच्यापासून लांब असलेली दोन बोटं. पेन मधल्या खिंडीतून निसटायचा. एक पान भरेस्तोवर मनगटापासून खांद्यापर्यंत ठणका लागायचा, आणि अक्षर तर कोंबडीच्या पायासारखं. नोकरी संपेपर्यंत अक्षर तेच राहिलं, आणि बँकेतली सहीही त्यातलीच होती.

बँकेतून आलो त्या दुपारी मी ट्रंक उपसली. तळाशी आयटीआयच्या दिवसांतला शाईचा पेन सापडला. तो गरम पाण्यात टाकला, निब मोकळी केली, शेजारच्या दुकानातून शाईची दौत आणली आणि ड्रॉपरने शाई भरली. पेन अंगठ्याच्या आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या मध्ये कसाबसा धरला आणि नुसता कागदाला टेकवला. शाई आपसूक उतरली. दाबावं लागलंच नाही! मी एक ओळ लिहिली, मग दुसरी. तिसऱ्या ओळीला पेन निसटला, कारण तो बारीक होता. तो पाच बोटांच्या माणसासाठी केला होता.

मग मला वाटलं, आपल्या हाताच्या मापाचा पेन बाजारात मिळत नसेल, तर आपणच करावा. आपण टर्नर आहोत.

महिन्याभरात सांगलीच्या भंगारबाजारातून एक हातभर लांबीचा जुना लेथ घरी आणला. त्यावरून नातेवाइकांत जे महाभारत झालं ते विचारू नका. तासगावहून मेव्हणा आला. त्याची द्राक्षबाग आहे, माणूस शहाणा, पण सल्ले देण्यात फार उदार.

"दाजी, आता गप बसून खावा," तो म्हणाला. "उरलेली बोटं बी घालवायची हायती काय?"

"ती माझी हायती," मी म्हणालो.

बायको मात्र भांडली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ती मागच्या शेडमध्ये आली, लेथकडे सापाकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "ह्याचं बटण कुठाय?" मी दाखवलं. तिने तिथे खुर्ची ओढली. पुढचे तीन-चार महिने मी लेथ लावला की ती बटणावर हात ठेवून बसायची. भाजी निवडायला घ्यायची तीही एका हाताने. माझी बाही जरा खाली घसरली तरी खटकन मशीन बंद.

"आगं, काय झालं?"

"बाही वर करा."

पहिला पेन मी मोडक्या पलंगाच्या शिसवी पायाचा केला. तो फुटला. दुसऱ्यातून शाई झिरपली, कारण लाकूड शाई पितं हे मला ठाऊक नव्हतं. मग पुण्याहून एबोनाइटच्या कांड्या मागवल्या. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर, शाईला ते दाद देत नाही. आतली नळी आणि धरायची जागा त्याची केली, वरून शिसव. आटे पाडताना कितीतरी नळ्या वाया गेल्या. शेवटी जो जमला तो बोटभर जाड होता, आणि माझं बोट टेकतं तिथे मी एक खळगा कोरला होता. बायकोने तो हातात धरून पाहिला. तिच्या हातात तो बसेना.

"हे काय आवघडच हाय," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी आवघडच असणार," मी म्हणालो. मला कोण आनंद झाला!

पंधरा दिवस वह्यांवर वह्या गिरवल्या. मग बँकेत गेलो. त्याच बाई होत्या. मी विचारलं, "सही बदलायचा फॉर्म असतो न्हवं?" असतो. त्यांनी दिला. त्यांच्यासमोर तीन ठिकाणी तीन सह्या केल्या, तिन्ही एकसारख्या. बाईंनी पेनकडे पाहिलं. "कुठून घेतलात?" "घरी केला," मी म्हणालो आणि टोपण लावलं. शाईचा पॅड तिथेच होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

तिथे थांबलो असतो तर मेव्हण्याचं समाधान झालं असतं. पण हाताला चव लागली होती. आता मी माझ्या हातासाठी नाही, पेनासाठी पेन करत होतो.

माझ्या पेनांचं ऐकून जतहून एक निवृत्त गुरुजी आले. संधिवाताने त्यांची बोटं आल्याच्या कुड्यांसारखी वाकडी झाली होती. पिशवीतून त्यांनी मेंढ्याचं शिंग काढलं.

"आमच्याच मेंढरांच्या खांडातला एडका होता. दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगवला, पण म्हातारपणानं गेला. ह्याचा पेन हुतोय काय?"

शिंग लेथवर धरलं की केस जळाल्यासारखा वास सुटतो. बायकोने त्या आठवड्यात बटणावर बसायचं सोडून दिलं. "तुमची बोटं तुमी सांभाळा, मला न्हाई सोसत," म्हणाली. शिंग तापलं की त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून थोडं कातायचं, थांबायचं, पुन्हा कातायचं. टोकाचा भरीव भागच कामाला येतो. पेन झाला तो धुरकट मधासारखा, आत काळ्या रेघा. गुरुजींनी माझ्या दारातल्या कट्ट्यावर बसून आधी कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं, मग मराठीत. पान भरलं तरी थांबेनात. चहा निवला. मी विचारलं, "गुरुजी, हात दुखत न्हाई?" ते म्हणाले, "दुखतोय की. पण तो तसा बी दुखतोय."

मेव्हण्याने जुनी बाग उपटून काढली तेव्हा जळणासाठी रचलेल्या ढिगातून मी द्राक्षाची खोडं उचलून आणली. तो हसला. द्राक्षाचं खोड वेडंवाकडं, चिरांनी भरलेलं. पण सालीखालच्या चिरांत वर्षानुवर्षं मारलेल्या मोरचुदाची निळसर झाक उतरलेली होती. मी त्या चिरा पारदर्शक गोंदाने भरल्या आणि निळं तसंच राहू दिलं. मेव्हण्याने तो पेन उन्हात धरून फिरवला. म्हणाला, "ह्यात आमची फवारणी दिसतीया की." आणि खिशाला लावून घेऊन गेला. मागितलाही नाही.

मग पुण्याचे एक व्यापारी आले. पेन जमवणाऱ्या लोकांना ते पेन विकत. माणूस जाणकार होता, निबेचं टोक भिंगातून बघत होता. सगळे पेन घ्यायला तयार झाले. फक्त एक अट होती.

"तुमच्या हाताचा व्हिडिओ करू. लेथ, हा हात, मागे हळू संगीत. काका, लोक पेन घेत नाहीत, गोष्ट घेतात."

"पेन कसा हाय ते सांगा."

"पेन उत्तमच आहे. पण असे उत्तम पेन करणारे आणखी आहेत. असा हात कुणाकडे आहे?"

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "चा घ्या. आन मग निघा." ते गेले. पुढे कित्येक दिवस पेटीतले पेन पेटीतच होते. आपण आगाऊपणा केला का, असं एकदा मनात आलं, नाही असं नाही. पण दया वाटून घेतलेला पेन माणूस दोन दिवस वापरतो आणि खणात टाकतो. माझा पेन खणात पडायला मी घाम गाळला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्यात हस्तकलेचं एक प्रदर्शन भरलं, तिथे मी टेबल लावलं. हात लपवला नाही आणि दाखवलाही नाही. कुणी विचारलं की सांगायचो, "लेथवर गेली. पेन बघा." बरेच जण हात बघून हळहळले आणि पुढे गेले.

दुपारी पाचगणीच्या एका शाळेतल्या मराठीच्या बाई आल्या. गुरुजींच्या पेनानंतर केलेला शिंगाचा एक पेन उचलला, शाई भरायला लावली, आपल्याच वहीत चार ओळी लिहिल्या आणि परत दिला.

"खरखरतंय."

मी निब सारखी केली. त्यांनी लिहून पाहिलं. "उभी रेघ ठीक आहे. वळणावर अजून खरखरतंय."

पुन्हा घासली. कपाळावर घाम आला. त्यांचं माझ्या हाताकडे लक्षच नव्हतं, सगळं लक्ष निबेच्या टोकावर. तिसऱ्या वेळी त्यांनी 'ळ' काढला, पुन्हा काढला, आणि भुवया वर केल्या.

"आता चालेल. पण टोपणाचे आटे जरा सैल आहेत. पुढच्या वेळी लक्ष द्या."

"देतो," मी म्हणालो.

त्यांनी पैसे दिले, पेन पर्समध्ये ठेवला आणि त्या गर्दीत गेल्या. माझ्या कामातल्या चुका काढून इतकं कुणी मला कारखान्यातून बाहेर पडल्यापासून बोललं नव्हतं. मी शेजारच्या टेबलवाल्याला म्हणालो, "गड्या, जरा माझ्या टेबलाकडं बघशील?" आणि तिथेच मागे खाली बसून उरलेल्या सगळ्या टोपणांचे आटे एकेक करून तपासायला घेतले.