दोन बदल म्हणजे भानगड

जगातला कुठलाही माणूस, तो डोळ्यांदेखत समोर चहा पीत बसलेला असला, तरी तोच आहे याची आमच्या साडूंना कधीच खात्री वाटत नसे. तसे ते संशयी नव्हते. चारित्र्याच्या बाबतीत तर ते सगळ्यांनाच देवमाणूस समजत. शंका एवढीच, की हा देवमाणूस कालचाच आहे ना? मी एकदा मिशी काढून संगमनेरला त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी मला दारातच थोपवले. "मिशी गेली, ठीक आहे," मला निरखत ते म्हणाले, "पण पिशवीही नवी दिसते." आतून थोरल्या मेहुणीने ओळख पटवली तेव्हा कुठे मला पाणी मिळाले. चहात वेलदोडा पडला तर त्यांना चालायचे. वेलदोड्याबरोबर कपही नवा आला, की ते चहा बाजूला सारायचे. "एक बदल म्हणजे माणूस, पाहुणे. दोन बदल म्हणजे भानगड."

अशा माणसाच्या हाती नव्वदच्या दशकात, ते नोकरीला होते त्या पतसंस्थेचा नवाकोरा कॉम्प्युटर पडला. त्या खोलीत जाताना बाकीचे चपला काढत, साडू हातपायही धूत. पुण्याहून आलेल्या प्रोग्रॅमरला शेजारी बसवून त्यांनी नियम घालून घेतले. सभासदाच्या माहितीतला एक रकाना बदलला, तर संध्याकाळच्या छापील कागदावर त्याच्या नावापुढे फुली. एकाच दिवशी दोन बदलले, तर खाते आपोआप बंद. मग सभासदाने दोन साक्षीदार घेऊन समक्ष यायचे. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न येई, 'ही तीच व्यक्ती आहे काय?', आणि होकाराचे 'वाय' दाबण्याचा अधिकार जगात फक्त साडूंना. तो प्रोग्रॅमर परत जाताना स्वतःचे नावसुद्धा जरा चाचरतच सांगत होता म्हणे.

पहिला सापडला तो पारनेरकडचा एक म्हातारा. त्याने पत्ता आणि वारस एकाच दिवशी बदलले आणि खाते खटकन बंद पडले. दुसऱ्या दिवशी तो दोन साक्षीदार आणि कडेवर नातू घेऊन हजर झाला. "सायेब, मळ्यात घर बांधलं ते बी माझंच हाय, आन् ह्यो नातू बी माझाच हाय. बगा, नाक बगा!" साडूंनी दोन्ही नाके खरोखरच तपासली आणि वाय दाबले.

पण खरी धमाल उडाली ती लग्नसराईत. आमच्याकडे मांडवात नवरा तांदळात बोट फिरवून बायकोचे नवे नाव लिहितो, आणि मुलीचे नाव, बापाचे नाव, आडनाव, गाव, सही सगळे एका दमात बदलते. यंत्राच्या मते हा उघडउघड दरोडा होता. हातात हिरवा चुडा भरलेल्या पोरींची रांग रस्त्यापर्यंत गेली. चेअरमन कडाडले, "अवो, ह्या पोरी काय दरोडा घालाया आल्यात व्हय?" साडू शांतपणे म्हणाले, "साहेब, पाच रकाने बदलले. उरलं कोण, ते तुम्हीच सांगा."

मग त्यांच्याच मुलीचे, मंदाचे, लग्न झाले. सासरच्यांनी सांगितले म्हणून तिने सकाळी नाव बदलायचा अर्ज दिला. दुपारी शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे बी.एड.च्या फीसाठी काढायला गेली, तर खाते बंद! फी भरायचा तो शेवटचा दिवस. त्या दिवशी मी संगमनेरातच होतो, म्हणून साक्षीदार झालो. दुसरे शेजारचे मास्तर. हा तमाशा रंगणार म्हणून मी मनातून खूश होतो.

साडू पडद्यासमोर बसले. डावीकडे जुनी माहिती, उजवीकडे नवी. बोट वायवर ठेवलेले, पण दाबत काही नव्हते.

"दाबा की!" चेअरमन म्हणाले. "तुमचीच लेक हाय ना?"

"म्हणूनच थांबलोय," साडू म्हणाले. "डावीकडं माझं नाव आहे. उजवीकडं मी कुठंच नाही."

मंदा त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली. "अण्णा, कॉलेज पाचला बंद होतं," ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, "मी तीच आहे हो."

त्यांनी वाय दाबले आणि उगाचच चष्मा पुसत बसले. माझे हसू कुठल्या कुठे पळाले होते.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी प्रोग्रॅमरला पुन्हा बोलावले. लग्न झालेल्या प्रत्येक सभासद बाईसाठी एक नवा रकाना आला: माहेरचे नाव. तो भरला, की बाकीचे कितीही बदलोत, खाते चालू. मात्र हा एक रकाना नवरा, चेअरमन किंवा खुद्द साडू, कुणालाही कधीच बदलता येणार नाही. साडूंच्या आयुष्यातला हा एकमेव ढिला नियम, आणि तोच सर्वांत कडक.

माझ्या बायकोने खाते काढले तेव्हा त्यांनी मेहुणीलाही सोडले नाही. "माहेरचं नाव?"

"दाजी, तुम्हाला माहीत नाही का?"

"मला आहे. यंत्राला तुझ्या तोंडून पाहिजे."

ती यंत्राकडे वळून म्हणाली, "कुसुम."

आता साडू नाहीत. तो कॉम्प्युटरही कधीच भंगारात गेला. खाते काढले त्या दिवशी राहुरीला घरी परतताना मात्र बायको बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसली होती. लग्नात तांदळात तिचे नवे नाव मीच लिहिले होते. का कोण जाणे, मी हळूच हाक मारली, "कुसुम."

तिने चटकन वळून पाहिले.