पुष्पावतीच्या पत्रिकेतला मंगळ

नगरच्या नालेगावात लग्नाच्या बाबतीत यज्ञेश्वरशास्त्री मुळ्यांचा शब्द शेवटचा. मुलगी पसंत पडली, देणंघेणं ठरलं, मानपान ठरले, तरी पत्रिका शास्त्रीबुवांच्या नजरेखालून गेल्याशिवाय सुपारी फुटत नसे. माणूस सचोटीचा. गणितात एक कलाही इकडची तिकडे होऊ देत नसत. "बुवा, दोन गुण वाढवा की," असं कुणी आडून सुचवलं, तर ते पत्रिका गुंडाळून त्याच्या हातात ठेवत आणि दाराकडे बघत.

एका पत्रिकेबद्दल मात्र त्या घरात कुणी बोलत नसे. थोरल्या मुलीची, सुनीतीची पत्रिका त्यांनी स्वतः जुळवली होती. छत्तीसपैकी एकतीस गुण. लग्नाला चौदा महिने झाले आणि जावई विषमज्वराने गेला. सुनीती माहेरी आली, पुढे शिकली, मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. तिने बापाला एका शब्दाने कधी विचारलं नाही. न विचारण्याचं ते ओझं शास्त्रीबुवा बारा वर्षं वागवत होते.

त्रेचाळीस सालची गोष्ट. लढाईमुळे कागद मिळेनासा झाला होता. शाळेला पाठकोरे कागद हवेत म्हणून सुनीती जुन्या बाजारात नबीलाल रद्दीवाल्याकडे जाई. त्याच्याकडे कॅम्पातल्या गोऱ्यांची रद्दी येत असे. एकदा त्याने एक जाड इंग्रजी पुस्तक बाजूला काढून ठेवलं होतं.

"बाई, हे बघा. आत मेंढा हाय, बैल हाय, विंचू हाय," नबीलाल म्हणाला. "म्हटलं, शास्त्रीजींच्या कामाचं असंल. पुड्या बांधायला जीव होईना."

ते विलायती ज्योतिषाचं वार्षिक होतं. रोजच्या ग्रहांची कोष्टकं त्यात होती. सुनीतीने रात्रीच्या जेवणाआधी ते बापापुढे ठेवलं.

"नाना, यांचा सूर्य एकवीस मार्चलाच मेषेत जातो. आपल्या पंचांगात तेरा एप्रिल उजाडतो. चुकलं कोण?"

"कुणीच नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. "आपण राशी मोजतो ताऱ्यांवरून. ती निरयन पद्धत. ते मोजतात संपातापासून, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखी होते तेव्हा सूर्य जिथे असतो, तिथून. ती सायन. हा संपात दर वर्षी जरासा मागे सरकतो. दीड हजार वर्षांपूर्वी दोन्ही आरंभ एकाच जागी होते. आता बावीस-तेवीस अंशांचं अंतर पडलंय."

"म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाचा सूर्य आपल्याकडे मीनेत आणि त्यांच्याकडे मेषेत?"

"सूर्य एकच. मैलाचा पहिला दगड प्रत्येकाने आपापल्या वेशीपाशी रोवलाय."

सुनीतीला गणिताची गोडी होती. दिवाळीच्या सुट्टीत तिने बापाच्या जुन्या वह्या काढल्या आणि त्यातल्या पत्रिका सायन पद्धतीने मांडून पाहू लागली. शास्त्रीबुवांना त्यात बरंच वाटलं. विद्या कुणाच्या तरी हाताला लागतेय, एवढंच त्यांच्या मनात होतं. चौथ्या दिवशी ती एक पान घेऊन आली.

"केडगावची मुलगी. पुष्पावती. तुम्ही हिच्या पत्रिकेवर तांबड्या शाईने 'मंगळ' लिहिलंय."

त्यांनी पान हातात घेतलं. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, मेषेचे पंचवीस अंश. मंगळ कर्केचे तीन अंश. मेषेपासून चौथी रास कर्क. चौथ्यात मंगळ, म्हणजे दोष. सरळ होतं.

"दोन्हींत तेवीस अंश मिळवले," सुनीती म्हणाली, "तर लग्न वृषभेत जातं, मंगळ मात्र कर्केतच राहतो. मग तो तिसरा झाला. दोष गेला."

"असं चालत नाही, सुनीती. त्या लोकांत मंगळदोष मुळात नाहीच. माप एका दुकानाचं आणि कापड दुसऱ्या दुकानाचं, असं करून अंगरखा होत नसतो."

"तेही खरंच." सुनीती म्हणाली. "पण नाना, मुलगी तर एकच होती ना? तिचं पुढे काय झालं?"

काय झालं ते शास्त्रीबुवांना ठाऊक होतं. केडगावातल्याच गोरक्ष नावाच्या मुलाशी तिचं ठरत आलं होतं. घरं तोलामोलाची होती, मुलगा निर्व्यसनी होता. त्या तांबड्या अक्षरांनी ते मोडलं. मग मंगळाला मंगळ हवा म्हणून जामखेडकडचा एक चाळिशीचा बिजवर शोधला गेला. ती पत्रिकाही त्यांनीच जुळवली होती, आणि छान जुळली म्हणून समाधान मानलं होतं.

त्यानंतर त्यांचं जेवणात लक्ष लागेना. पूजेत मंत्र चुकू लागले. एका रविवारी सकाळी त्यांनी पगडी घातली, वही काखोटीला मारली आणि कुणाला न सांगता पायीच केडगावची वाट धरली.

पुष्पावतीची आई मुक्ताबाई मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होती. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. मळा तीच बघत होती. शास्त्रीबुवांना बघून ती लगबगीने उठली, घोंगडी अंथरली.

"बुवा, तुमी? सांगावा धाडला असता तर मीच आले असते की."

शास्त्रीबुवा बसले. दोन पद्धती, दोन आरंभ, मधलं अंतर, सगळं त्यांनी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. मुक्ताबाई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हंजी गोऱ्या लोकांच्या हिशोबानं माज्या पोरीला मंगळ न्हाई?"

"नाही."

"आन् आपल्या हिशोबानं हाय?"

"हो. लग्न पंचवीस अंशांवर होतं. अजून वीस-बावीस मिनिटं उशिरा जन्मली असती तर आपल्याही हिशोबाने नसता." त्यांनी वही उघडली. "जुलै महिना, तेवीस साल. तुमच्या मालकांनी वेळ सांगितली होती: दौंडकडची रात्रीची गाडी गेली तेव्हा. म्हणून मी रात्रीचे दोन धरले. गाडीची वेळ तीच होती."

मुक्ताबाईने हातातली जुडी खाली ठेवली.

"बुवा, ती गाडी त्या रातीला दोनला गेलीच न्हाई. पान्यानं रूळ खचलं हुतं म्हनं. कारभारी भाजीच्या पाट्या घिऊन टेसनात ताटकळत बसलं हुतं. दीड घंट्यानं गाडी आली. पाट्या चढवून घरी आलं, तवा पोरगी नुकतीच झाल्ती. मला चांगलं ध्येनात हाय. भाजी सुकली म्हनून किती चिडलं हुतं."

शास्त्रीबुवांच्या ओठांवर आपोआप आकडे आले. साडेतीन. लग्न मेष ओलांडून वृषभेच्या मध्यावर. मंगळ तिसरा. सायन नको, विलायती पुस्तक नको; त्यांच्या स्वतःच्या पंचांगाने, त्यांच्या स्वतःच्या रीतीने मुलगी निर्दोष होती.

"हे तेव्हा सांगितलं का नाही?" त्यांनी वही मिटत विचारलं.

"तुमी इचारलंच कुटं?" मुक्ताबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसवेना.

विहिरीकडून एक बाई पाण्याची कळशी घेऊन आली होती आणि मघापासून उभी होती. शास्त्रीबुवांना आधी ओळख पटली नाही. वीस वर्षांची मुलगी. हातापायांच्या काड्या, डोळे खोल गेलेले. पुष्पावती. तिच्या नवऱ्याचं एक अंग लुळं पडलं होतं. चार दिवस माहेरी विसाव्याला आली होती.

शास्त्रीबुवा उठून उभे राहिले. आपल्याहून लहान माणसासमोर, तेही एका मुलीसमोर, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले.

"बाळ, माझ्या हातून मोठा अपराध झाला."

पुष्पावतीने कळशी उतरवून ठेवली.

"शास्त्रीबुवा, माज्या कपाळीच मंगळ हाय, असं मनाला सांगून मी सात वर्षं काढली. सासू बोलली, दीर बोलला, मी म्हनायची, बोलू द्या, ह्यो आपल्या नशिबाचा भोग हाय. त्याच्यावर तर तग धरला. आज तुमी ते बी काढून न्यायला आलात व्हय?"

मुक्ताबाईने तिला "गप गं" म्हटलं. पुष्पावतीने शास्त्रीबुवांना पाणी दिलं, कारण पाहुण्याला पाणी द्यायचं असतं. त्यांनी ते प्यायलं आणि निघाले.

दुपार कलताना ते घरी पोचले. सुनीती दारातच होती. त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता सांगितलं. मग म्हणाले, "तुझे एकतीस गुण होते. त्याचा जाब तू मला कधी विचारला नाहीस."

"विचारून काय मिळालं असतं, नाना?"

"मी विचारायला हवं होतं. मी कुणालाच काही विचारत नव्हतो. माणूस पुढ्यात बसलेला असायचा, आणि मी कागद वाचायचो."

सुनीती रडली. नवरा गेला तेव्हा ती बापासमोर रडली नव्हती.

त्या दिवसापासून शास्त्रीबुवांनी पत्रिका जुळवणं बंद केलं. तिथी, सण, श्राद्धाचा दिवस सांगत. लग्नाचं विचारलं की नाही म्हणत. वकील आप्पासाहेब आपल्या नातीची पत्रिका घेऊन आले, तर त्यांनी ती उघडलीही नाही. "मुलाच्या घरी चार वेळा जाऊन या. आईशी तो कसा बोलतो ते बघा," एवढंच सांगितलं. आप्पासाहेब नाराज होऊन दुसऱ्या जोशाकडे गेले. हळूहळू सगळेच गेले. गावात बोलणी सुरू झाली; कुणी म्हणालं म्हातारा भ्रमिष्ट झाला, कुणी म्हणालं मुलीने इंग्रजी पुस्तकं आणून बाटवला. घर सुनीतीच्या पगारावर चालू लागलं.

पुष्पावती त्याच आठवड्यात सासरी गेली. शास्त्रीबुवांनी सुनीतीला दोनदा जामखेडकडे पाठवलं, तिला काही हवं-नको विचारायला. पहिल्या वेळी पुष्पावती बाहेरच आली नाही. दुसऱ्या वेळी तिने भाकरी करून वाढली, नवऱ्याच्या औषधाची चिठ्ठी सुनीतीकडून वाचून घेतली आणि जाताना म्हणाली, "म्हाताऱ्याला सांगा, जिवाला लावून घिऊ नका."

सुनीतीने निरोप जसाच्या तसा सांगितला. शास्त्रीबुवांनी मान हलवली. पण ते लावून घ्यायचं त्यांनी सोडलं नाही, आणि सुनीतीनेही त्यांना सोडा म्हणून सांगितलं नाही.