पाहुण्याची आंघोळ

"पावना हाय तो. बिनआंघोलीचा कसा ठेवू?" असं म्हणून काका तांब्या उचलायचे आणि माझं डोकं फिरायचं.

पाहुणा म्हणजे नारळाएवढा एक काळा दगड. त्यांच्या वडिलांच्या काळात पालेगावच्या शेतात आकाशातून पडलेला. अंबरनाथच्या कारखान्यात काका भट्टीवर होते, मी प्रयोगशाळेत. एकदा त्यांनी तो टॉवेलात गुंडाळून मला दाखवायला आणला. टॉवेलात सांडलेल्या गंजाच्या चुऱ्यात मला निकेल सापडलं, म्हणजे दगड खरंच आकाशातला. फुटक्या कडेला, लोखंडात बसवावेत तसे, हिरवट काचेसारखे मणी दिसले. पृथ्वी घडत होती त्या सुमारास एखादा छोटा ग्रह फुटला असावा, त्याच्या पोटातला हा तुकडा. जगात असे दगड मोजकेच. मला अन्न गोड लागेना.

आणि अशा दगडाला हा माणूस रोज पाणी घालत होता, सोमवारी दूध. लोखंड ते, गंजणार नाही तर काय? भट्टीवर जन्म काढलेल्या माणसाला हे मी सांगायचं!

मी घट्ट झाकणाचा डबा दिला. काकांनी झाकणाला भोकं पाडली. "त्याचा जीव गुदमरंल."

"काका, निदान नखाएवढा तुकडा द्या. तपासायला पाठवतो, कुठून आला ते कळेल."

"पावन्याचं बोट कापून देऊ? आन् कुठून आला ते इचारू नये, सायेब."

तुम्हीच सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

एकदा फारच तडकलो, तेव्हा ते हळूच म्हणाले, "शेतावर टावर झाला. इहीर बुजली. त्या जागंचा येवढाच राह्यलाय माझ्याजवल." त्या दिवशी मी चहा घेऊन घरी आलो. पुढच्या महिन्यात पुन्हा भांडायला गेलोच. अशी वर्षं गेली, आणि पापुद्रे सुटत सुटत नारळाचा दगड लिंबावर आला होता.

गेल्या पावसाळ्यानंतर काका गेले. स्मशानात मुलाने मडकं फोडलं ते त्याच दगडाने. तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मडकं फोडलेला दगड म्हणजे जीवखडा, दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव त्यातच मानायचा. दहाव्याला बदलापूरला नदीकाठी तो दर्भावर ठेवला होता आणि एकेक जण त्यावर तिळाचं पाणी घालत होता.

मुलगा मला म्हणाला, "सायेब, तुम्ही पन घाला. बाबांना बरं वाटंल."

मी वाकून ओंजळभर घातलं. रडू आलं, आणि खरं सांगतो, रागही तेवढाच आला. मग मुलाने तो उचलला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडून दिला.