दोनदा कांडलेली खपली

समजा, तुमच्यापुढं उखळ आहे आणि त्यात चार मापं खपली गहू. साधा गहू मळणीत मोकळा होतो, खपली होत नाही. तिचा दाणा टरफलाला धरून बसतो. त्याला पाण्याचा हात लावा, थोडा वेळ झाकून ठेवा आणि मुसळ उचला. हळू मारलं तर टरफल सुटत नाही, जोरात मारलं तर दाणा फुटतो. खांदा भरून येईल तेव्हा उखळात वाकून पाहा. काम नुकतंच सुरू झालेलं असतं.

केंदूरच्या आक्काबाई हे चाळीस वर्षं करत होत्या. सासूनं दिलेलं बी त्यांनी दहा गुंठ्यांत जपलं होतं. यंदा मात्र त्यांच्या मुलाला, सुमितला, तिथं कांदा लावायचा होता.

“आई, खपली खातंय कोण? तू आन् पाहुणं.”

वरवंडचे पोपटराव धान्याचे दुकानदार. ते म्हणाले, “आक्का, पुण्याची गिऱ्हाइकं खपली मागत्यात. पर आधी इच्यारत्यात, अँटीऑक्सिडंट किती? रिपोर्ट आणा, सगळी घेतो.”

सुमितनं लगेच निकाल दिला. “साध्या गव्हाच्या वर आली तर खपली. न्हाईतर कांदा.”

आक्काबाईंची भाची माया सणसवाडीला एका प्रयोगशाळेत कामाला होती. आक्काबाईंनी तिला फोन लावला.

“माया, ते अँटी का काय, ते असतं तरी काय गं?”

“लोखंड गंजतं ना आत्या, तसं शरीरातही थोडं थोडं चालू असतं. ते रोखणारी द्रव्यं. आम्ही पिठाचा अर्क जांभळ्या द्रावणात टाकतो. द्रावण जितकं फिकं पडेल तितकी द्रव्यं जास्त. किलोभर गहू पाठव.”

आक्काबाईंनी दोन किलो पाठवला.

आठ दिवसांनी माया स्वतःच आली. फोनवर सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. चक्कीवरच्या साध्या गव्हाच्या पिठानं द्रावण बऱ्यापैकी फिकं केलं होतं. खपलीनं त्याहून कमी. सुमितनं कांद्याच्या रोपवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

आक्काबाई खाली बसल्या. मायानं रिपोर्ट घडी घालून बाजूला ठेवला.

“आत्या, गहू केला कसा होतास?”

“कसा म्हंजी? चांगला केला. बाहेर द्यायचा व्हता. एकदा कांडला, पाखडला, परत कांडला. मोत्यागत पांढरा झाला व्हता.”

“आणि कोंडा?”

“म्हशीला घातला.”

“आत्या, ती द्रव्यं बहुतेक कोंड्यातच असतात.”

सुमितनं मान वर केली. “म्हंजी रिपोर्ट म्हशीचा काढायला पायजे व्हता.”

“घरी खाता तेव्हाही दोनदा कांडतेस?” मायानं विचारलं.

“छ्या! घरच्याला एकदाच. घरच्यास्नी काय दाखवायचंय?”

मग घरचाच गहू पाठवायचं ठरलं. तो लालसर, कोंड्यासकटचा गहू पिशवीत भरताना आक्काबाईंना लाज वाटत होती. पिशवीचं तोंड त्यांनी दोन गाठींनी बांधलं.

माया दुसरा रिपोर्ट घेऊन आली. या वेळी खपली साध्या गव्हाच्या वर होती.

“किती वर?” सुमितनं विचारलं.

“थोडी.”

“थोडी म्हंजी?”

“थोडी म्हणजे थोडी. फुगवून सांगायला मी दुकानदार नाही.”

सुमितनं जरा विचार केला. पण शब्द त्याचाच होता. “बरं, ऱ्हाऊ दे खपली,” असं म्हणून तो पोपटरावांना फोन करायला अंगणात गेला.

आक्काबाईंचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी तव्यावरची खपलीची पोळी उलटली.

“माया, हे पिठाचं झालं. पीठ कोण फाकतंय? पोळी भाजल्यावर त्यातलं किती ऱ्हातं?”

“ते कुणी मोजायला दिलं नव्हतं.”

आक्काबाईंनी ती पोळी फडक्यात गुंडाळून मायाच्या हातात दिली.

“मग ही ने. हिच्यात किती उरलंय?”