टच केलेला फोटो

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे. धुळ्याकडून आम्ही सिल्वासाला आलो, तेव्हा ती जवळच्या सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात लागली आणि मी शाळेत. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी झालो, तो तिच्या डबल पाळ्यांवर.

माझ्या शेवटच्या परीक्षेच्या दिवसांत, माझ्यासाठीच चहा ठेवताना, स्टोव्हचा भडका उडून आक्काचा चेहरा भाजला. गाल भरून आला, पण व्रण आकसत गेला आणि उजव्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढली गेली. डोळा झोपेतही मिटेना. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "कानामागची कातडी काढून पापणीला लावावी लागेल. उशीर केलात तर बुबुळ कोरडं पडून पांढरं होईल." मुंबईचे प्लास्टिक सर्जन वर्षातून एकदा शिबिराला येत. आधी अर्ज आणि फोटो पाठवायचा; त्यावरून ते निवड करत.

अर्ज मी इंग्रजीत लिहिला. त्याचा मला केवढा अभिमान! फोटोसाठी बाजारातल्या स्टुडिओत गेलो. फोटोवाल्याने गुजरातीत विचारलं, "बेननो फोटो छे ने? टच करी दउं?" लग्नाच्या मुलींचे फोटो तेव्हा तसेच होत. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून तो डाग, व्रण घालवायचा.

"हो, नीट करा," मी म्हणालो. एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढे माझी बहीण वाईट दिसू नये, इतकंच मनात होतं.

फोटो बघून आक्का हसली. "ही कोण रे बाई? हिला कशाला आपरेशन पाहिजे?"

"गप गं. चांगली दिसतेस."

"म्हणून तर म्हणते, साहेब!"

मीही हसलो आणि पाकीट चिकटवलं.

उत्तर आलं: फोटोत पापणीचा दोष फारसा दिसत नाही, पुढच्या वर्षी पाहू. घरात इंग्रजी मला एकट्यालाच वाचता येत होतं. "यादी भरली," मी आक्काला सांगितलं. शिबिराला अजून तीन आठवडे होते. तिला नुसती नेऊन समोर उभी केली असती तरी चाललं असतं. पण फोटो असा का, हे विचारतील, या लाजेने गेलो नाही.

पुढच्या वर्षी ऑपरेशन झालं. पापणी छान बसली, डोळा मिटू लागला. पण तोवर बुबुळावर फूल पडलं होतं. त्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. तरी ती चाळीत सगळ्यांना सांगायची, "भावाने इंग्रजीत अर्ज केला, म्हणून झालं."

ते ऐकत मी काही वर्षं काढली. मग नोकरीच्या गावाहून तिला हे पत्र पाठवलं:

"तीर्थरूप आक्कास साष्टांग नमस्कार.

हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तू चौथी शिकलीस, सावकाश वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

त्या वर्षी यादी भरली नव्हती. फोटोतली पापणी चांगली दिसली, म्हणून डॉक्टरांनी तुला मागे ठेवलं. तू हसत बोललीस तेच त्यांनी लिहिलं होतं. मी तुला खोटं सांगितलं. फोटो टच करायलाही मीच सांगितलं होतं.

माझ्या अर्जाचं कौतुक यापुढे कुणाला सांगू नकोस.

भाऊबीजेला येतो. ओवाळायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा भाऊ"