नाकाच्या एक बोट पुढं

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, कुणालाही विचारा, गावात सगळ्यात वाईट नेम कुणाचा? समोरचा वर मान न करता सांगेल, रेवणप्पाचा. आडत्या म्हणून माणूस लाखात एक, तोंडाचा गोड, काट्याचा खरा. पण बंदूक हातात घेतली की मोंढाभर हसू. आणि हा गृहस्थ तर दिवसाआड बंदूक हातात घेणार. आता अशा माणसाला लोकांनी हसायचं नाही तर काय ओवाळायचं?

बंदूक म्हणजे काही फार मोठी नव्हे. छऱ्याची. नळी मधून मोडायची, आत डाळीएवढा शिशाचा छर्रा ठेवायचा, नळी सरळ करायची आणि घोडा ओढायचा. पंधरा वर्षांपूर्वी रेवणप्पा नांदेडला एका लग्नाला गेला आणि येताना ही घेऊन आला. घरी सांगितलं, गोदामात घुशी झाल्यात. घुशी होत्या हे खरंच. पण घुशी त्याच्या बापाच्या काळातही होत्या, आणि बापानं काही बंदूक आणली नव्हती. खरं कारण वेगळंच होतं. लग्न झालं त्या वर्षी त्यानं जत्रेत नव्या नवरीसमोर फुगे फोडले होते, वीसला वीस, आणि फुगेवाल्यानं हात जोडून "मालक, आता म्होरच्या दुकानावर जावा" असं म्हटलं होतं. असलं सुख माणूस विसरतो होय?

ती नवरी म्हणजे मल्लम्मा, माहेर बिदरकडचं. तिनं बंदूक बघितली आणि कपाळाला हात लावला. "गळ्यात लिंग आन् हातात बंदूक. शोभतंय का तुमाला?"

तीन दिवस ती बोलली नाही. चौथ्या दिवशी रेवणप्पानं अंघोळ केली, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि तिच्यासमोर शपथ घेतली, "ह्या बंदुकीनं एकबी जीव जाणार न्हाई."

"मग घुशी मारणार कशानं?"

"मारणार कोण हाय? हाकलणार."

तेव्हापासून त्याची रीत ठरली. घूस मोकळ्यातून चालत नाही, भिंतीला अंग घासत जाते. म्हणून त्यानं तेलाचे रिकामे डबे कापून पत्रे केले आणि ते गोदामाच्या भिंतींना खालच्या बाजूनं उभे लावले. आपण पोत्यांच्या थप्पीवर चढून बसायचं. घूस निघाली की नळीच्या टोकावरची माशी तिच्या नाकाच्या एक बोट पुढं धरायची आणि घोडा ओढायचा. ठण्ण! नाकासमोर असला आवाज झाल्यावर कुठली घूस थांबेल? ती जी मागं वळायची ती आठ दिवस तोंड दाखवायची नाही. ते आठ दिवस ती शेजारी चंद्रप्पाच्या गोदामात पाहुणचार घ्यायची, हा भाग वेगळा. चंद्रप्पानं त्यावरून दोनदा भांडण काढलं होतं.

एक बोट म्हणजे एकच बोट. अर्ध्यावर मारलं तर घुशीला इजा, दोनवर मारलं तर ती घाबरायची नाही. चालत्या जनावराच्या नाकापुढं नेमकं एक बोट मारायचं म्हणजे काय, हे ज्यानं कधी बंदूक धरली आहे त्यालाच कळेल. पण मोंढ्याला दिसायचं काय? घूस निघाली, आप्पानं मारलं, पत्रा वाजला, घूस गेली. पंधरा वर्षं हेच. एकदा न राहवून त्यानं हमालांना सांगूनही बघितलं, "अरे, मी मुद्दाम बाजूला मारतो." त्याच्याकडचा जुना हमाल भीमा इतका हसला की पाठीवरचं पोतं त्याला खाली टाकावं लागलं. "आप्पा," तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मग घरी चला, चिंचोका टांगून फोडून दाखवतो, असंही म्हणून झालं. त्यावर भागवतराव म्हणाले, "चिंचोका पळत न्हाई, आप्पा."

हे भागवतराव देवणीकडचे मोठे कास्तकार. त्यांचा माल वर्षानुवर्षं रेवणप्पाकडं यायचा आणि मालाबरोबर त्यांची जीभही. त्यांच्या त्या एका वाक्यानं निकाल लागला. मेलेल्या वस्तूवर आप्पा वाघ, जिवंत जनावर दिसलं की हात कापतो. रेवणप्पा हसून सोडून द्यायचा, पण आत त्याला लागायचं बरं का. संध्याकाळी घरी मागच्या अंगणात तो दोऱ्याला चिंचोका बांधायचा, पंधरा पावलं मागं जायचा आणि एका छऱ्यात उडवायचा. मल्लम्मा भाकरी थापता थापता आवाज ऐकायची. आपला नवरा काय चीज आहे ते तिला एकटीला ठाऊक होतं.

गेल्या साली दसरा झाला आणि दोऱ्याला चिंचोक्याच्या जागी काड्यापेटी आली. मल्लम्मानं विचारलं तर म्हणाला, "आवंदा चिंचोके किडके निघायलेत." दिवाळीनंतर काड्यापेटीच्या जागी नारळाची करवंटी आली. काड्यापेटीला काय कीड लागली होती ते त्यानं सांगितलं नाही.

फेब्रुवारीत भागवतरावांची तूर भाव चढायची वाट बघत रेवणप्पाच्या गोदामात पडून होती, आणि मामीनं नेमकी तीच पसंत केली. मामी म्हणजे मांजराएवढी थोराड घूस. हमालांनी तिला हे नाव ठेवलं होतं, कारण ती न बोलावता यायची, पोटभर खायची आणि वर घाण करून जायची. भीमा शपथेवर सांगायचा, त्याची सख्खी मामी अशीच होती. मामीनं खालच्या थरातली पोती एका रांगेत फाडली. तूर जमिनीवर सांडलेली भागवतरावांनी बघितली आणि त्यांचं टाळकं सरकलं.

"आप्पा, लई झालं. आज हिला मारा. न्हाईतर बंदूक हिकडं द्या, म्या मारतो. माझा हात कापत न्हाई."

रेवणप्पा पेचात पडला. शपथ बंदुकीची होती. कुणाच्याही हातानं मामी मेली तरी ती मोडणारच. बंदूक देत नाही म्हणावं, तर भागवतराव बाजारातून विषाच्या गोळ्या आणायला मोकळे, म्हणजे जीव जायचा तो जाणारच. एकच वाट होती. स्वतः मारायचं, आणि पत्रा असा वाजवायचा की मामीनं घाबरून थेट चंद्रप्पाचं घर गाठावं. लोक हसतील, हसू देत.

"थांबा, मीच मारतो," तो म्हणाला.

भरदुपारी गोदामाच्या दारात ही गर्दी. रेवणप्पा थप्पीवर चढून बसला. छपरातल्या फटीतून ऊन खाली येत होतं, तुरीचा धुरळा उडत होता. बऱ्याच वेळानं थप्पीखालून मामी निघाली. तिच्या कडा त्याला जरा भुरकट दिसल्या. एक मामी, आणि तिच्या तोंडाच्या पुढं सरकलेली दुसरी फिकट मामी. त्यानं डोळे मिचकावले, मागची ती खरी असं धरलं, तिच्या नाकापुढं एक बोट सोडलं आणि घोडा ओढला.

पत्रा वाजला नाही.

मग भीमा वाकत वाकत आत गेला आणि शेपटीला धरून मामीला वर उचललं. पुढं काय विचारता! मोंढ्यात पोळा-दिवाळी एकदम आली. भागवतरावांनी धावत जाऊन कापडाच्या दुकानातून टावेल-टोपी आणली आणि रेवणप्पाचा भर बाजारात सत्कार केला. चंद्रप्पानं पेढे वाटले, कारण सगळ्यात जास्त सुटका त्याचीच झाली होती. "पंधरा वर्सांनी का होईना, आप्पानं मारली," भीमा ज्याला त्याला सांगत सुटला. रेवणप्पा खांद्यावर नवा टावेल घेऊन उभा होता आणि त्याला रडू येत होतं. पंधरा वर्षांत त्याचा एकच छर्रा चुकला होता, तो हा. आणि हे तिथं कुणाला सांगायची सोय नव्हती.

घरी येऊन तो जेवला नाही. अंघोळ करून पूजेला बसला, पण तळहातावरच्या लिंगाकडं बघायचा धीर होईना. शेवटी मल्लम्मासमोर येऊन त्यानं सगळं सांगितलं आणि मान खाली घालून थांबला. आता बायको बंदूक विहिरीत टाकणार अशीच त्याची खात्री होती.

मल्लम्मा मात्र शांत होती. "नेम कुठं धरला व्हता?"

"नाकाच्या एक बोट म्होरं."

"मग?"

"मग लागला."

ती उठली. अंगणात गेली, दोऱ्याला चिंचोका बांधला आणि बंदूक आणून त्याच्या हातात दिली. "मारा."

पहिला छर्रा भिंतीत गेला. दुसरा धुण्याच्या बादलीत.

"दोरे किती दिसायलेत?" तिनं विचारलं.

"दोन."

"म्या एकच बांधलाय."

रेवणप्पा तिथंच पायरीवर बसला. दसऱ्यापासून असं होतंय, हे त्यानं आत्ता कुठं कबूल केलं. सांगितलं असतं तर तू बंदूक माळ्यावर टाकली असतीस, म्हणाला. मल्लम्मानं पदरानं डोळे पुसले आणि मग त्याला कानडीत झाडायला सुरुवात केली. कानडी ती खास कामासाठी राखून ठेवायची. तो सगळं ऐकत राहिला. पंधरा वर्षं जे हात देवाला साक्ष ठेवून चुकले, त्यांना एका डोळ्यानं दगा दिला होता. याचं त्याला दुःख झालं आणि तितकंच बरंही वाटलं.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ऑपरेशन झालं, डोळ्याला काळा चष्मा आला, महिनाभर धुळीत जायचं नाही असा हुकूम झाला. दुकान भीमानं सांभाळलं. इकडं आप्पा घरात बसून आणि तिकडं कीर्ती वाढतेय. भागवतराव गावोगाव गोष्ट सांगत फिरत होते, आणि प्रत्येक गावात मामी थोडी थोडी वाढत होती. अहमदपूरला पोचेपर्यंत ती कुत्र्याएवढी झाली. धर्माबादच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, आमच्याकडंबी येऊन जावा. रेवणप्पा प्रत्येकाला सांगायचा, "मी मारली न्हाई हो, चुकून लागलं." लोक म्हणायचे, बघा, एवढं करून माणसाला गर्व नाही.

चष्मा निघाला तरी तो बंदुकीला हात लावेना. मल्लम्मानंच ती कोपऱ्यातून काढली. "डोळा नवा हाय. बघा तरी."

"मला भ्या वाटतंय."

"मलाबी वाटतंय. मारा."

चिंचोका पहिल्याच छऱ्याला उडाला. दुसराही उडाला. मल्लम्मा खूश झाली, पण रेवणप्पाच्या मनातली भीती जाईना. चिंचोका पळत नाही, हे आता त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. पळत्या जिवासमोर आपला हात आपलं ऐकेल का? नाही ऐकलं तर ही बंदूक आयुष्यात परत धरायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. तसं झालं तर संध्याकाळचं करायचं काय, हे मात्र त्याला सुचलं नाही.

आठ दिवसांनी चंद्रप्पाच्या गोदामात नवी घूस निघाली. मोंढ्यात अख्खा शिकारी असताना दुसरीकडं कोण जाईल? चार जणांनी रेवणप्पाला घरून उचलूनच आणलं. त्याच्या अटीवर भिंतीला पत्रे लावले गेले. भागवतराव तर हार घेऊनच आले होते, अगोदरच. दारात पुन्हा गर्दी, पुन्हा तीच भरदुपार. रेवणप्पा थप्पीवर चढला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात खरोखर कापत होता.

घूस निघाली. एकच निघाली. तिच्या मिशांचे केससुद्धा त्याला वेगवेगळे दिसले. काय ते जनावर, पाय उचलायच्या आधी दर वेळी जरासं थांबत होतं. त्यानं श्वास धरला, नाकाच्या पुढं एक बोट सोडलं, गळ्यातल्या लिंगाची आठवण केली आणि घोडा ओढला.

ठण्ण!

घूस जागच्या जागी उडाली, उलटी फिरली आणि भीमाच्या दोन पायांमधून सगळ्यांच्या देखत रस्त्यावर पळाली. गर्दीनं आधी कपाळाला हात लावला, मग जी हसायला लागली ती थांबेना. भागवतराव हातातल्या हाराकडं बघत राहिले. "तव्हा बोलाफुलाला गाठ पडली व्हती म्हणायची," ते म्हणाले. "आप्पा, तुमचं काही खरं न्हाई."

रेवणप्पा कुणाचं ऐकतच नव्हता. थप्पीवर बसल्या बसल्या त्यानं खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

"मल्लम्मा, चुकला."

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "किती?"

"एक बोट."

फोनमधून मल्लम्माचं हसणं खाली उभ्या असलेल्यांनाही ऐकू आलं. हसता हसता ती रडायला लागली, तेही आलं. नवऱ्याचा नेम चुकला म्हणून आनंदानं रडणारी बाई मोंढ्यानं तोवर पाहिली नव्हती. लोक एकमेकांकडं बघायला लागले.

रेवणप्पा खाली उतरला. "भीमा, सगळ्याला चहा सांग, माझ्याकडनं."

भीमाला काही कळेना. "आप्पा, मामी मारली तव्हा तुमी पाणीबी पाजलं न्हाई. आन् आज चुकल्यावर चहा पाजायलाव?"

रेवणप्पानं बंदूक काखेत मारली. "चहासंगं भजीबी सांग," तो म्हणाला.